घोड्यावरून ढाल-तलवार: फरी धरायची की लगाम?

फरीवाला_बडोदा
नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा येड्यासारखा वाटेल पण महिनाभर डोक्यात बसलाय म्हणून विचारतोच.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलो, शाळेत असताना रोज संध्याकाळी आखाड्यात जायचो, मलखांब काही जमेना म्हणून वस्तादांनी फरीगदक्याला लावलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, गदका म्हणजे तलवारीऐवजी घ्यायची चामडं चढवलेली काठी आणि फरी म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा लहान अशी ढाल, मुठीत धरायची. शिर, तमाचा, बाहेरा, कमर हे वार अजून हातात आहेत, झोपेतून उठवलं तरी पवित्रा बरोबर पडतो. मग मकरपुऱ्यात नोकरी लागली आणि सगळं सुटलं.

आता गंमत बघा, परवा यूट्यूबवर युरोपातली मंडळी दिसली, उजव्या हातात सरळ तलवार आणि डाव्या हातात अगदी आपल्या फरीएवढी लोखंडी ढाल. तिला ते बकलर म्हणतात. आणि हे सगळं म्हणे सातशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीवरून शिकतात ज्यातला गुरू चक्क पाद्री आहे आणि समोर त्याचा विद्यार्थी. दोन दिवस तेच बघत बसलो, बायको म्हणाली आता जेवायला पण ढाल घेऊनच या.

तर प्रश्न असा. सहा महिने झाले मी शहराबाहेर एके ठिकाणी घोडेस्वारी शिकतोय, काठेवाडी घोडी आहे, कानांची टोकं एकमेकांना लागतात अशी, स्वभावाने शहाणी पण मनाची राणी. मागच्या रविवारी उत्साहाच्या भरात जुनी फरी घेऊन गेलो. डाव्या मुठीत फरी आणि त्याच मुठीत लगाम. मित्र खाली उभा राहून बांबूने हळूच शिर मारणार आणि मी फरी वर नेऊन अडवणार, एवढंच. फरी वर नेली, लगामही वर गेला, घोडी जागच्या जागी थांबली, दोन पावलं मागे सरकली आणि मी तिच्या मानेवर. बांबू राहिला बाजूला, फरीची कड माझ्याच ओठावर बसली. शिकवणारे सर एवढंच म्हणाले की घोडीचं काही चुकलं नाही.

मग तेव्हाचे लोक हे करायचे तरी कसं? बकलरचे डाव घोड्यावर चालतात का, आणि चालत असतील तर लगाम कोण धरतं?

कमाटीबागकर
आपल्या काळ्या घोड्यापासून, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या पुतळ्यापासून सुरुवात करा. सर्कलवरच उभा आहे, थांबत नाही कारण चालतच नाही, मागे सरकत नाही, आणि वर बसलेले महाराज पण काही बोलणार नाहीत. येताना सेव उसळ घेऊन या.

पोथी_आणि_पातं
दादा, येड्यासारखा अजिबात नाहीये प्रश्न. तुम्ही जी पोथी म्हणताय तिला आय ३३ म्हणतात, इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे, साधारण १३०० च्या आसपासची, युरोपातली तलवारबाजीची सगळ्यात जुनी उरलेली पोथी. जर्मन मुलखातली, मजकूर लॅटिन पण डावांची नावं मधूनमधून जर्मन. ३२ पानं, दोन्ही बाजूंना चित्रं, आणि शेवटी शेवटी विद्यार्थ्याच्या जागी वाल्पुर्गिस नावाची एक बाई येते आणि पाद्र्याशी लढते, ते मला फार आवडतं. पण अख्ख्या पोथीत घोडा एकही नाही. सगळं पायावर.

आणि त्याला कारण आहे. बकलर म्हणजे मोठ्या ढालीची गरिबाघरची आवृत्ती असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. ती अंग झाकायला नसतेच, वीस ते चाळीस सेंटीमीटरच्या चकतीमागे कोण लपणार? ती तुमचा तलवारीचा हात झाकते. त्या काळच्या युरोपियन तलवारीला आपल्यासारखी बोटांवरून येणारी परज नव्हती, नुसती आडवी दांडी, म्हणजे वार करायला हात पुढे नेला की पहिला उघडा पडतो तो पंजा. म्हणून पोथीतल्या चित्रांत बघा, तलवार पुढे जाते तशी बकलर तिच्या मुठीला चिकटून जाते, दोन्ही हात जोडल्यासारखे. मग पात्याला पातं लागतं, ते दाबून धरायचं, आणि त्या क्षणी बकलरने समोरच्याचे दोन्ही हात एकदम त्याच्याच छातीकडे ढकलून दाबायचे, की तलवार मोकळी झाली तुमची. याला ते शिल्टश्लाग म्हणतात, ढालीचा ठोसा म्हणा. सगळी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते.

आता घोड्यावर हे बसवून बघा. डावा हात उजव्या हाताला चिकटला पाहिजे, आणि लगाम त्याच डाव्या हातात. तुम्ही उजवीकडे वार करायला वळलात की डावा हात पण उजवीकडे जाणार, घोडी म्हणणार हे उजवीकडे वळा म्हणतायत, आणि ती वळणार. तुमच्या ओठाचं जे झालं त्याचं मूळ पण हेच, ढालीचा हात आणि लगामाचा हात एकच.

निवृत्त_स्वार
मी पोथ्या वाचत नाही, घोड्यावर मात्र बावीस वर्षं काढलीत, नेझाबाजी केली आहे, भाल्याने खुंटी उचलायची आणि तलवारीने लिंबू कापायचं दोन्ही. तेव्हा माझं ऐका.

फरीवाले भाऊ, तुमची पहिली चूक फरी नव्हे. तुमची मांड अजून कच्ची आहे. मांड पक्की असेल तर लगाम ढिला सोडून घोडं गुडघ्याने आणि वजनाने वळवता येतं, लगाम नुसता आठवण करून द्यायला. सहा महिन्यांत ते होत नाही, दोन वर्षं धरा. जो माणूस तोल सावरायला लगामाला लटकतो त्याने हातात फरी काय, रुमाल पण घेऊ नये.

दुसरं म्हणजे वेग. जमिनीवर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत फिरता, अंतर तुम्ही ठरवता, पवित्रा तुमच्या पायात असतो. घोड्यावर पाय घोड्याचे. समोरासमोर दोन स्वार आले, दोघंही मध्यम धावेत, ताशी वीस किलोमीटर धरा, म्हणजे एकमेकांकडे ताशी चाळीसने येतायत, सेकंदाला अकरा मीटर. तुमचं पातं आणि हात मिळून दीड मीटर, त्याचंही तेवढंच. म्हणजे वाराच्या टप्प्यात तुम्ही दोघं सेकंदाचा पाव भाग असता, बास. या पाव सेकंदात पात्याला पातं लावून, दाबून, मग ढालीचा ठोसा? तो माणूस तोपर्यंत तुमच्या घोड्याच्या शेपटीमागे गेलेला असतो.

लिंबू कापताना पण नवशिक्या हाच घोळ करतो, तो मारायला जातो. मारायचं नसतं. हात योग्य जागी धरून ठेवायचा, घोडं पातं नेतं. जोर घोड्याचा, धार तुमची, हाताने फक्त दिशा. फरीगदक्यात मनगट फिरवायची जी सवय लागलेली असते ना ती पहिल्यांदा विसरावी लागते.

शिलेदार_घराणं
स्वारकाकांना मान आहे पण एक मिनिट. मग आपल्याकडे घोडेस्वाराकडे ढाल कशाला होती? शिलेदार स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला घोडं सरकारी मिळायचं, पण ढाल-तलवार आणि भाला दोघांकडे असायचे. म्हणजे एवढी माणसं ढाल पाठीवर घेऊन शोभेसाठी फिरत होती का? तुर्कांचे स्वार कलकान नावाची गोल ढाल वापरायचे, वेताची, वर रेशीम गुंडाळलेलं. स्पेनमध्ये अदार्गा नावाची चामड्याची ढाल, मुळात तिकडच्या मुसलमान घोडेस्वारांची आणि मग सगळ्यांनीच उचलली, हलकी, घोड्यावरचीच. त्यामुळे "घोड्यावर छोटी ढाल चालत नाही" हे जरा घाईचं होतंय.

आमच्याकडे घरात एक जुनी ढाल आहे, गेंड्याची का म्हशीची ते नक्की कळत नाही पण चामड्याची आहे, चार फुल्या आहेत पितळेच्या. उलटी करून बघितली तर आत मध्ये चौकोनी गादी, त्याच्या दोन बाजूंना दोन मुठी, दोऱ्या म्हणा, कड्यांना बांधलेल्या. पायावर असताना दोन्ही एकत्र मुठीत धरायच्या, बोटांची गाठ गादीवर टेकते. पण मी लहानपणी (आजोबा झोपलेले असताना) हात आत घालून बघितलाय, पोराचा हात असेल म्हणून असेल, पण मनगटाच्या वर सरकते आणि पंजा मोकळा राहतो. लगाम धरता आला असता.

पोथी_आणि_पातं
शिलेदार दादा, तुम्ही माझंच म्हणणं पुरं केलंत, बघा कसं.

ढाल लहान का मोठी हा मुद्दाच नाही, ती कुठे धरलीय हा मुद्दा आहे. मुठीत धरलेली ढाल पंजा खाऊन टाकते. हातावर चढवलेली ढाल पंजा मोकळा सोडते. युरोपातल्या घोडेस्वारांच्या ढाली बघा, फ्रान्समधल्या बायो गावच्या जुन्या भरतकामात इंग्लंड जिंकणाऱ्या १०६६ च्या लढाईतले नॉर्मन स्वार आहेत, त्यांच्याकडे पानाच्या आकाराच्या लांब ढाली, वर रुंद खाली निमुळत्या, कारण खालचं टोक डावा पाय झाकतं. पुढे त्या आखूड होत गेल्या. पण सगळ्या पट्ट्यांनी हाताला बांधलेल्या, शिवाय गळ्यात एक लांब पट्टा, हात सोडला तरी ढाल पडत नाही. म्हणजे स्वाराची ढाल ही भिंत असते, जिथे लावली तिथे राहते. बकलर म्हणजे दुसरं हत्यार, ती सतत फिरत असते. तुमची ढाल हात आत घातला की भिंत होते, मुठीत धरली की बकलर होते. दोन्ही सोय एकाच गादीत. तुर्कांना आणि आपल्याला ते सुचलं होतं.

आणि युरोपात गंमत अशी झाली की १४०० नंतर अंगभर पोलादी पत्र्याचं चिलखत आलं तेव्हा बड्या स्वारांनी ढाल जवळपास सोडूनच दिली, चिलखतच ढाल झालं. इटलीचा फिओरे नावाचा उस्ताद, १४१० च्या सुमाराचा, त्याने घोड्यावरच्या लढाईवर खास भाग लिहिलाय आणि त्यात ढाल नाही. एका हातात तलवार किंवा भाला, दुसऱ्या हाताने काय करायचं तर समोरच्याचा लगाम पकडायचा, मान धरायची, माणूस खाली ओढायचा! टालहोफर म्हणून जर्मन उस्ताद होता, त्याच्या १४६७ च्या पोथीत तर पायावरची तलवार-बकलर पण आहे आणि घोड्यावरची भांडणं पण आहेत, क्रॉसबो घेतलेला स्वार सुद्धा आहे. दोन्ही विद्या एकाच माणसाला येत होत्या. त्याने त्या एकत्र केल्या नाहीत. मला तर हेच सगळ्यात बोलकं उत्तर वाटतं.

निवृत्त_स्वार
लगाम पकडण्याचं बरोबर आहे. समोरच्याच्या घोड्याचं तोंड तुमच्या हातात आलं की तो माणूस संपला, मग त्याच्याकडे तोफ असली तरी. अशा वेळी स्वतःचा लगाम घोड्याच्या मानेवर टाकायचा. मुठीत फरी असती तर काय पकडणार होतात?

फरीवाला_बडोदा
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. पण एक शंका राहते. ताशी चाळीसने समोरासमोर येणं वगैरे मान्य, पण लढाईत सगळा वेळ काय भरधाव धावत नसतील ना, पहिली धडक झाली की घोळका होत असेल, घोडी दमतात, गर्दीत अडकतात, तेव्हा तर दोघं शेजारी शेजारी चालीवर येऊन एकमेकांना हाणत असतील. तिथे तरी माझी फरी चालेल का?

आणि दुसरं, पोथी ताई (ताईच ना?), व्हिडिओत तो पाद्री सारखा तलवार डाव्या काखेखाली घेऊन उभा असतो, पातं मागे. ते का?

पोथी_आणि_पातं
ताईच 🙂

तो पहिला पवित्रा. पोथीत सात आहेत: काखेखाली, उजवा खांदा, डावा खांदा, डोक्यावर, उजवीकडे खाली, छातीशी, आणि हात लांब करून टोक पुढे. काखेखालचा म्हणजे पातं पूर्ण लपलेलं, तिथून वर आणि उजवीकडे सणकन येतं. आता हा योगायोग बघा, फिओरेचा स्वार पण तलवार डावीकडेच नेऊन ठेवतो, आणि भालेवाला समोरून आला की डावीकडून उजवीकडे झटका देऊन भाला बाजूला उडवतो आणि तसाच पुढे जाऊन वार करतो. वर उचलायचा नाही, बाहेर ढकलायचा यावर त्याचा भर आहे. म्हणजे बकलरवाल्याची विद्या घोड्यावर कुठे जिवंत राहते विचाराल तर माझ्या मते इथे. ढाल गळून पडते, पण डाव्या काखेतून निघणारा तो पहिला झटका राहतो, आणि त्याला डाव्या हाताची गरज लागत नाही. फरीगदक्यात असं काही आहे का? असेल तर तुम्हाला अर्धं येतंच आहे.

शिलेदार_घराणं
घोळक्याबद्दल मी सांगतो, आमच्याकडे वाद घालायला एवढाच विषय असतो. शेजारी चालीवर आले तर तुमच्या उजवीकडचा माणूस तलवारीने सांभाळता येतो, तिथे पात्याला पातं लागेल, दाबता येईल, सगळं ताईंच्या पोथीसारखं. पण त्याची आणि तुमची मांडी मांडीला लागलीय, तरी दोघांच्या धडांमध्ये घोड्याची रुंदी, डावा हात त्याच्यापर्यंत पोचणारच नाही, मग ढालीचा ठोसा कुणाला मारणार, स्वतःच्या घोडीला?

आणि डावीकडचा माणूस हा खरा काळ. तलवार उजवीकडे, मध्ये घोड्याची मान, तुम्ही खोगिरावर उलटे वळल्याशिवाय तिथे पोचत नाही. त्यातही डावी पाठ, म्हणजे डावीकडून मागून येणारा. तिथे हातावर चढवलेली ढाल काहीतरी अडवते, पाठीवर टाकलेली पण अडवते, मुठीतली फरी मात्र तिथे वळतच नाही. खांदा कुठवर वळणार? म्हणून प्रत्येक स्वार दुसऱ्याच्या डाव्या पाठीला जायला बघतो आणि दोघंही तेच बघत असल्यामुळे गोल गोल फिरत राहतात. कुत्र्यांची भांडणं बघितलीत ना, तसंच.

कमाटीबागकर
मग बकलर घेऊन घोड्यावर कोणी बसलंच नाही का कधी? एवढ्या चर्चेनंतर हे तरी सांगा.

पोथी_आणि_पातं
बसले की! कमरेला लटकवून. इंग्रज तिरंदाजांच्या पट्ट्याला तलवारीशेजारी बकलर असायची, आणि त्यांच्यातले बरेच जण लढाईच्या जागेपर्यंत घोड्यावरून जायचे, तिथे उतरायचे, घोडी मागे ठेवायचे आणि पायावर लढायचे. बकलरचा घोड्यावरचा सगळ्यात चांगला उपयोग हाच, ती कमरेला लटकते, मोठी ढाल कमरेला लटकत नाही. घोडं पडलं की तुम्ही उठता, आणि हातात काहीतरी असतं.

शिलेदार_घराणं
अजून एक, विषय सोडून आहे पण राहवत नाही. स्वारकाका धारेचं बोलले म्हणून. निजामाच्या घोडदळाच्या तलवारींनी हात साफ उडायचे म्हणून इंग्रजांना वाटलं काहीतरी जादूचं पोलाद आहे, चौकशी केली तर निघाली त्यांचीच टाकून दिलेली जुनी पाती! नुसती धार लावलेली आणि लाकडी म्यानात ठेवलेली. इंग्रज स्वतः लोखंडी म्यान वापरायचे, पातं काढताना घालताना धार मरायची. आता बोला.

निवृत्त_स्वार
खरं आहे. लिंबाला पण हेच. बोथट पातं लिंबू ढकलतं, कापत नाही.

फरीवाले भाऊ, करायचंच असेल तर असं करा. फरीची मूठ विसरा, मागून चामड्याचे दोन पट्टे लावून घ्या, हातावर चढवा, पंजा रिकामा. आधी नुसतं चालीवर, मग दुडकीवर. हातात तलवार नको, गदका पण नको. फक्त फरी चढवून लगाम धरून दहा चकरा. घोडीला कळलंच नाही पाहिजे की तुमच्या हातावर काही आहे. तिला कळलं म्हणजे तुमचा हात हलतोय. ते जमलं की उजव्या हातात गदका घ्या आणि झाडाला लिंबू बांधा. घोडीचे कान गदका दिसला की मागे जातील, तिला आधी हुंगू द्या.

फरीवाला_बडोदा
दोन रविवार झाले म्हणून सांगायला आलो. रावपुऱ्यातल्या एका चांभाराकडून पट्टे लावून घेतले, त्याने विचारलं कशाला पाहिजे, मी म्हटलं घोड्यावर बसून घालायची आहे, तो एक शब्द बोलला नाही, नुसते दहा रुपये जास्त घेतले.

काका, तुम्ही म्हणालात तसंच. चालीवर घोडीला काही फरक पडला नाही. दुडकीवर तिसऱ्या चकरेत ती डावीकडे वळायला लागली, मला वाटलं हिचा हट्ट, सर म्हणाले तुमचं डावं कोपर बघा, फरीच्या वजनाने खाली आणि बाहेर गेलंय. वजन किती तर अर्धा किलो पण नाही. कोपर अंगाला लावलं आणि ती सरळ झाली. ताई, काखेखालचा तुमचा तो पवित्रा गदक्याने उभ्या घोडीवर करून बघितला, डावा हात जागचा न हलता येतो, आणि आमच्या बाहेऱ्याच्या जवळचा वाटतो, फक्त खालून. लिंबू मात्र अजून झाडालाच आहे, दोनदा घोडीनेच मान वर करून हुंगलं.

एकच अडचण, दुडकीत फरी हळूहळू घसरून मनगटावर येते आणि मग पुन्हा लगामात अडकते. पट्टा नक्की कुठे बांधायचा?

निवृत्त_स्वार
वरचा पट्टा कोपराच्या चार बोटं खाली, घट्ट. खालचा ढिला. आणि आतून जाड फडकं लावा, नाहीतर हाताचे केस उपटले जातील आणि तुम्ही पुन्हा मानेवर.